राघूचं न्हाणं

बेल वाजली तेव्हा मैना कोलंबी सोलत होती. एकटीपुरता अर्धा वाटा मागितला की बाजारातली मावशी आधी हसायची आणि मग दया आल्यासारखी वरून चार कोलंब्या टाकायची. मैनाला ते आवडत नसे. तरी ती दर वेळी त्याच मावशीकडे जायची, कारण ती निदान "आज उशीर केलास गं" एवढं तरी म्हणायची. खांदेश्वरच्या या दोन खोल्यांची बेल एरवी वाजे ती कुरिअरवाल्याचा मजला चुकल्यावर. म्हणून मैना हात न धुताच दार उघडायला गेली.

दारात मनस्वी उभी होती. भावाच्या घरातलं दुसरं कुणी हा उंबरा ओलांडत नसे. ही त्याची नात तेवढी महाप्याच्या रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून सुटली की अधूनमधून यायची, घरी न सांगता.

"आज शिवतेजची हळद ना? भावाची हळद सोडून इकडं कुठं?"

"आजी, हिरे खरे आहेत."

मैनाच्या बोटात कोलंबीचं साल तसंच राहिलं.

"सगळे. एकूण एक," मनस्वी आत येत म्हणाली. "हळदीसाठी राघू बाहेर काढला, तर मी तो आमच्या लॅबमध्ये नेला. मशीनवर तपासले, मग मायक्रोस्कोपखाली बघितले. एकही बदललेला नाही. सोनं कुठे उचकटलेलंसुद्धा नाही. ज्यानं बसवले त्याच्यानंतर त्या हिऱ्यांना कुणी हात लावलेला नाही."

मैना खुर्चीवर बसली. टीव्ही चालू होता. तो ती बघत नसे, घरात आवाज असावा म्हणून लावून ठेवी. तिनं उठून तो बंद केला आणि पुन्हा बसली.

राघू तिला डोळे मिटूनही दिसे. वीतभर उंचीचा, सोन्याचा. पंखांवर हिरवं मीनाकाम, चोच माणकाची, छातीवर आणि पंखांच्या कडांना हिरे, चोचीत मोत्यांचा घोस. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संस्थानात लहान वयात लग्न होऊन आलेली एक राणी होती. ती जेवेना, कुणाशी बोलेना, म्हणून राजानं तिच्या ताटाशेजारी ठेवायला हा पक्षी घडवून घेतला. राणी जेवू लागली, पण बोलायची ती राघूशीच. पुढे एकदा खाडीत तिची होडी वादळात सापडली. होडीवरच्या नामा तांडेलानं, या घराच्या मूळपुरुषानं, ती पावणे गावच्या काठाला लावली आणि त्याच्या लेकीनं राणीला आपलं कोरडं लुगडं नेसवलं. जाताना राणीनं राघू त्या लेकीच्या हातात ठेवला. हे कितपत खरं, कुणी तपासलं नव्हतं. पण तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हळदीला पहिली हळद राघूला लागे आणि हळदीआधी त्याला न्हाऊ घाली ती घरची लेक. सुनेचा तो मान नव्हता. लेक सवाष्ण असो की विधवा, मान तिचाच.

मैना ही राघूला न्हाऊ घालणारी या घरची शेवटची लेक. सूरजच्या, म्हणजे मनस्वीच्या बापाच्या हळदीला तिनं राघूला न्हाऊ घातलं आणि दिव्याखाली धरलं, तेव्हा हिऱ्यांच्या जागी काळे डाग दिसले. दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ दादू राघू घेऊन सोनाराकडे गेला. सोनारानं भिंग लावलं आणि म्हणाला, ही काच आहे. राघू तेव्हा मैनाच्या पेटीत असे आणि त्याच वर्षी तिनं औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीतल्या पगारातून साठवून या दोन खोल्या घेतल्या होत्या. पुढचा हिशेब घरानं आपापला केला. राघू लॉकरमध्ये गेला, मैना खांदेश्वरला. 'राघूचे डोळे मैनेनं खाल्ले', ही म्हण गावात मुलांनासुद्धा पाठ झाली.

"दादाला सांगितलंस?"

"सकाळीच. आबांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, मैनाला आना. राघूला तीच न्हाऊ घालील."

मैनानं तोंड फिरवलं. मग ती उठली, हात धुतले आणि कपाटातून पांढरी साडी काढली. हळदीला पांढरंच नेसायचं, लावलेली हळद दिसली पाहिजे. निऱ्या करताना तिचा आवाज तिलाच परका वाटला, इतका तो हलका झाला होता.

"वयनी काय म्हनली? तोंड बघायसारखं झालं असंल."

"आमच्या आजीनं विचारलं, मग जेवायला किती ताटं वाढवायची?"

मैना हसली. निऱ्या खोचताखोचता थांबली. "मनू, पन मग तो काळा का पडला गं?"

मनस्वी प्रश्न टाळणारी मुलगी नव्हती. शब्द मोजूनमापून घेणारी होती.

"हे हिरे हल्लीच्या अंगठीतल्यासारखे नाहीत, आजी. चपटे कापलेले आहेत, काचेच्या तुकड्यासारखे. त्यांना स्वतःची चमक फारशी नसते. मागे चांदीचा पातळ वरख असतो, त्यावरून उजेड परत येतो. आरशाचा पारा गेला की आरसा आंधळा होतो ना, तसं झालंय. कडेनं पाणी शिरलं आणि वरख काळा पडला. मोत्यांचं वेगळं. मोती म्हणजे शेवटी चुनाच. ओट्यावरच्या फरशीवर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो, तसं आंबट लागलं की मोत्याचं पाणी उतरतं."

"पानी शिरलं कुठनं?"

मैनानं आपल्या हातांकडे पाहिलं.

मूठभर चिंच भिजत घालायची, चुलीतली राख चाळून घ्यायची, परातीत बसवून राघूला काथ्यानं पंख न् पंख घासायचा. समया, हंडे आणि राघू, सगळ्यांना एकच न्हाणं. आयनं असंच शिकवलं होतं. चुलतभावांची लग्नं, पुतण्यांची लग्नं. दर लग्नात राघू आदल्या वेळेपेक्षा जरा मळकट वाटायचा. म्हणून दर लग्नात मैना चिंच थोडी जास्त घ्यायची. सूरजच्या हळदीला तर तिनं त्याला रात्रभर चिंचेच्या कोळातच ठेवला होता.

"म्हंजे चोरला नाय," ती म्हणाली. "मारला."

"आजी, असं नाहीये."

"असंच हाय. तू शिकलेली, म्हनून गोड बोलतेस."

मनस्वीनं फोन पुढे केला. डाव्या पंखाच्या आतल्या बाजूचा फोटो होता. काळ्या डागांमध्ये एकच हिरा लखलखत होता, नुकता डोळा उघडल्यासारखा.

"इथे काथ्या पोचला नाही. एवढा एक वाचलाय. आता पुन्हा धुतला तर हाही जाईल. मी घरी फक्त हिरे खरे आहेत एवढंच सांगितलंय. बाकीचं आधी तुला सांगायचं होतं. तू म्हणत असशील तर तिथे सगळ्यांना मी समजावते."

"नको," मैना म्हणाली. "बघते मी."

स्कूटरवर मागे बसून जाताना मैनाला एवढंच कळत होतं की खांदेश्वर ते पावणे एवढ्या रस्त्यापुरती ती निर्दोष आहे. राघूला धुतलं तर घर परत मिळतं आणि शेवटचा हिरा जातो. नाही धुतलं तर लोक म्हणतील, बघा, हात लावायला घाबरते. आणि खरं सांगितलं तर चोरीचा डाग पुसून तिथे दुसरा बसेल. वाटेतला पायमोडीचा पूल उतरताना वारा तोंडावर आला. तिनं नातीचा खांदा घट्ट धरला.

पावण्याच्या गल्लीत मांडव दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये बसवला होता. एका भिंतीपलीकडून रंगाच्या कारखान्याचा उग्र वास येत होता आणि त्यावर कडी म्हणून जेवणाच्या मसाल्याचा. बेंजोवाले तारा जुळवत होते. सूरज पिवळा कुर्ता घालून धावत आला.

"आत्या, आलीस! बरं झालं. मागचं काय मनात ठेवू नको. त्या सोनाराचंच डोकं फिरलं व्हतं." एका दमात त्यानं अर्धं आयुष्य आटोपलं. "तू धुताना शिवतेजचा फ्रेंड शूट करनार हाय. जरा हळूहळू धू, स्लो मोशन पायजे त्याला."

सुगंधा वहिनी पाटाशेजारी उभी होती. नाकात नथ, हातात हळदीची वाटी. नणंदेला बघून ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "आलीस? चहा घे," एवढंच म्हणाली.

दादू खुर्चीत बसला होता. सत्तरीतही ताठ बसायची सवय गेली नव्हती. मैना वाकून पाया पडली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

धवलारीण हौसाबाय मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. घरातली लग्नं भटजीच्या आधी तिच्या गाण्यानं लागत. तिनं गळा मोकळा केला आणि सूर लावला. लेकीला बोलावलं, खाडीला बोलावलं, राणीला बोलावलं. बायकांनी मागून साथ धरली. पितळेची परात आली, चिंचेचा कोळ आला, राख आली, काथ्या आला. सगळं वहिनीनंच मांडलं, एकही वस्तू न विसरता. मग दादूनं लाल फडक्यातला राघू उलगडून बहिणीपुढे धरला.

"घे मैने. आयनं शिकवला तसा घास."

एवढ्या वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. मैनानं राघू मांडीवर घेतला. काळ्या हिऱ्यांचा, भाताच्या शितांसारख्या निस्तेज मोत्यांचा आंधळा पक्षी. तिनं काथ्या उचलला. कोळात बुडवला. सगळी माणसं एकदम पुढे सरकली, फोन वर झाले. काथ्यातून तपकिरी पाणी ठिबकत राहिलं.

मैनानं काथ्या परातीच्या बाहेर ठेवला.

"याला पानी लावायचं नाय," ती म्हणाली.

हौसाबायचा सूर मध्येच लोंबकळला.

"का गं?" वहिनी म्हणाली. "सोन्याचा पन रंग जाईल?"

मागून कुणीतरी हसलं. 'डोळे खाल्ले' असं काहीतरी कुजबुजलं गेलं, तेही मैनाला ऐकू आलं. मनस्वी पुढे आली आणि भराभर सांगू लागली: वरख, आम्ल, कॅल्शियम. लोकांच्या चेहऱ्यावरून ते शब्द निथळून गेले.

"थांब मनू," मैना म्हणाली. "माझं मी सांगते. हिरे खरे हायत, कोनी चोरले नाय. त्यांच्या मागचा वरख मेला. चिंचेनं मेला. मोती पन चिंचेनंच गेले. घासला कोनी? मी. काळा पडतोय म्हनून दर लग्नात जास्त घासला. मला वाटलं, मी त्याला उजळवते."

बेंजोवाल्याचं बोट तारेला लागून एक सूर निघाला आणि विरला.

दादू खुर्चीतून उठला. "म्हंजे आय चुकली म्हनतेस?"

"दादा, आयला काय माहीत..."

"माझ्या हळदीला आयनं समोर बसून तुझ्याकडनं घासून घेतला त्याला. तिच्या सासूनं तिला शिकवलं व्हतं. ती येडी व्हती?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आयचं नाव कशाला घेतेस? मेलेली बाय हाय ती."

मैनाला तेव्हा कळलं. भावाला चोर बहीण चालत होती. चुकलेली आई त्याला चालणार नव्हती. इतकी वर्षं त्यानं दोघींमधून एकीला निवडलं होतं आणि आजही तो तिथंच उभा होता.

"माझी नथ," सुगंधा वहिनी अचानक म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिनं हळदीची वाटी खाली ठेवली आणि नाकातली नथ काढून तळहातावर घेतली. "आपल्या सूरजच्या लग्नात मी पन चिंचेनं घासली व्हती. राघूच्या उरलेल्या कोळातच. मोती पांढरेफटक झाले. मी सोनाराला शिव्या घातल्या, खोटे मोती दिलेस म्हनून. मेला शपथा घेत व्हता." तिनं नथ मैनाच्या मांडीवर, राघूच्या चोचीशेजारी धरली. दोन्हीकडचे मोती सारखेच खडूसारखे झाले होते. "खरं बोलते ही," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

ज्या तोंडातून हे कधी येईल असं मैनाला वाटलं नव्हतं, त्याच तोंडातून ते आलं. दादू मांडवातून घरात गेला.

"मग पहिली हळद कोनाला?" हौसाबायनं विचारलं. तिचं गाणं अडलं होतं. तिला पुढचं कडवं हवं होतं. "राघूला ओलं चालत नाय तर लेकीला लावा. मान तर तिचाच व्हता."

वहिनीनं घराच्या दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं. पहिली हळद घरातल्या वडील माणसाच्या हुकमाशिवाय लागत नसे. बराच वेळ वाट पाहून सूरजच म्हणाला, "लावा ना नवऱ्यालाच. टाइम होतोय, डीजेला पन पुढं जायचंय." आणि राणीच्या काळापासून चालत आलेली ती चाल त्या एका वाक्यात संपली. शिवतेजच्या गालाला हळद लागली, बेंजो वाजला, सगळी गल्ली नाचायला लागली.

मैना पाटावर राघू घेऊन बसून राहिली. लोक जवळून जाताना तिच्याकडे बघून मान हलवत होते, काहीजणी हसल्याही. आता कुणी तिला चोर समजत नव्हतं. ती वाट बघत होती की कुणीतरी शेजारी येऊन बसेल आणि विचारील, कशी आहेस, गुडघे कसे आहेत, एकटी काय खातेस. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आपल्यात आणि घरात राघू बसला आहे. तो बाजूला झाला की वाट मोकळी होईल. राघू बाजूला झाला होता. वाट मोकळी होती. त्या वाटेनं कुणी येत नव्हतं, कारण कुणाला सवयच राहिली नव्हती. मनस्वीला मैत्रिणींनी ओढून नाचायला नेलं. जाताना तिनं मागे वळून हात केला. मैनानं जा म्हणून खूण केली.

दिवस कलला तशी ती उठली. राघूला लाल फडक्यात गुंडाळून ती मागच्या दारानं परसात गेली. तिथे मोरीपाशी दादू पाटावर बसला होता. त्याच्यापुढे स्टीलची वाटी होती, तिच्यात गाळून घेतलेला चिंचेचा कोळ. मैना जवळ गेली. वाटीच्या तळाशी आयची एक बुगडी होती. तिच्या मोत्यांना बारीक बारीक बुडबुडे चिकटले होते. एखादा सुटून वर येई आणि फुटे.

आयचं बरोबर होतं हे बघायला त्यानं ती टाकली होती. किती वेळापासून तो बघत होता कोण जाणे.

मैनानं राघू कट्ट्यावर ठेवला, वाटीत बोटं घालून बुगडी काढली, नळाखाली धरली आणि पदरानं पुसली.

"एक टाकली," दादू म्हणाला. "दुसरी हाय कपाटात."

"बरं केलंस, एकच टाकलीस."

"आयला माहीत असतं तर तिनं केलं नसतं."

"नाय केलं नसतं."

पलीकडे डीजेनं आवाज वाढवला. मांडवाचे बांबू थरथरले. दादूनं मान वर केली. त्याचे डोळे ओले होते की चिंचेचा कोळ उडाला होता, हे मैनाला ठरवता आलं नाही.

"ही तू ठेव," तो बुगडीकडे बोट दाखवत म्हणाला. "चांगली माझ्याकडं राहू दे."

तिनं मूठ मिटली. कोळातली ती तिची, जपलेली ती त्याची. वाटणी बरोबर झाली, असं तिला वाटलं.

मग त्यानं पहिल्यांदा बहिणीकडे नीट बघितलं. खांदे, पदर, गाल. पांढऱ्या साडीवर चिंचेचा एक ओला ठसा होता, बाकी काही नव्हतं.

"तुला हळद नाय लावली कोनी?"

"नाय."

मांडवात हळदीची भरलेली परात होती, हाकेच्या अंतरावर. मैना थांबली. दादू गुडघ्यावर हात ठेवून उठला, लाल फडक्यातला राघू त्यानं उचलून छातीशी धरला आणि दाराकडे एक पाऊल टाकलं. तिथं तोही थांबला. पुढे काय म्हणायचं असतं ते तो आठवत असावा.

"तुर्भे स्टेशनपर्यंत रिक्षा मिळेल ना तुला?" त्यानं विचारलं.

पाहुण्याला विचारतात तसं.

"मिळेल की," मैना म्हणाली आणि मागच्या गल्लीनं निघाली. हातातल्या बुगडीचे मोती बोटाला खरखरीत लागत होते. कोपऱ्यावर येईपर्यंत ती ते बोटानं चाचपत राहिली, पण घासले नाहीत.